एका कंपनीला एकच जागा: क्रॉसओव्हर फायटिंग गेममध्ये कोणाला उतरवाल?

काळातांबडा (धागाकर्ता)

मंडळी,

आमच्या शनिवारच्या टोळक्यात गेले पंधरा दिवस एकच वाद चालू आहे. इथे जुने खेळाडू बरेच आहेत म्हणून तो इथे आणतोय. समजा, उद्या कोणी असा फायटिंग गेम काढला की ज्यात प्रत्येक कंपनीला एकच जागा. एकच पात्र, आणि तेच त्या कंपनीचं तोंड, म्हणजे मॅस्कॉट. तर कोणाला उतरवायचं?

ऐकायला सोपं वाटतं. निन्टेन्डोचा मारिओ, सेगाचा सॉनिक, नामकोचा पॅकमॅन, झालं. पण चौथ्या नावाला गाडी अडते. कॅपकॉमचा कोण, ‘स्ट्रीट फायटर’चा ऱ्यू की मेगामॅन? कोनामीचा कोण? आणि सोनीचा असा म्हणावा तर कोण आहे?

माझं मत आधी सांगून टाकतो. ज्याचा गेम सगळ्यात जास्त खपला तो मॅस्कॉट, हे मला पटत नाही. ज्याला सगळ्यात जास्त मतं पडली तो मॅस्कॉट, हेही नाही. ज्याच्या हातापायांत त्या कंपनीचा खेळ मुरलाय, तो मॅस्कॉट. तो मारामारीला उभा राहिला की त्याच्या एकेका मूव्हमधून ती कंपनी आजवर काय करत आली ते कळलं पाहिजे.

उदाहरण देतो. ‘स्मॅश ब्रदर्स’ या निन्टेन्डोच्या, वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी लढवणाऱ्या गेममध्ये २०१४ साली पॅकमॅन आला. पिवळा गोळा, तोंड उघडायचं, मिटायचं, एवढंच काम. याला मारामारी काय शिकवणार? पण बनवणाऱ्यांनी काय केलं बघा. तो फळं फेकतो. तयारीला जितका जास्त वेळ द्याल तसं हातातलं फळ बदलत जातं: चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रं, सफरचंद, खरबूज, मग ‘गॅलेक्सियन’चं जहाज, घंटा आणि शेवटी किल्ली. १९८० च्या मूळ मशीनवर पुढच्या पुढच्या लेव्हलला हीच बक्षिसं याच क्रमाने येतात. वर जायचं असेल तर तो पायाखाली ट्रॅम्पोलिन टाकतो. ते निळ्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं लाल होतं आणि मग तुटतं. हे ट्रॅम्पोलिन पॅकमॅनचं नव्हेच, ते १९८३ च्या ‘मॅपी’तलं. तो खाली आपटतो तो रस्त्यावरचा पाण्याचा बंब १९८४ च्या ‘पॅकलँड’मधला. म्हणजे एका पिवळ्या गोळ्याने नामकोचं अख्खं दुकान पाठीवर घेतलंय.

मला प्रत्येक जागेसाठी असा माणूस हवाय. नुसतं नाव टाकू नका. तो लढणार कसा, तेही सांगा.

---

निळीशाई

धागा आवडला. सॉनिकबद्दल थोडं.

बाकीचे मॅस्कॉट नंतर मॅस्कॉट झाले. मारिओ १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये नुसता ‘जंपमॅन’ होता; त्याला निन्टेन्डोचा चेहरा करायचं तेव्हा कोणाच्या मनातही नसेल. सॉनिकची गोष्ट उलटी. सेगाला मारिओसमोर उभा करायला कोणीतरी हवा होता आणि त्यासाठी त्याला मुद्दाम घडवलं. त्याआधी अंतराळयानासारखा ओपा-ओपा होऊन गेला, मग मोठ्या कानांचा अ‍ॅलेक्स किड आला. दोघांचीही डाळ मारिओपुढे शिजली नाही. मग सेगाचे चित्रकार नाओतो ओशिमा यांनी बरीच चित्रं काढली. सुटीत न्यूयॉर्कला गेले तेव्हा ती बरोबर नेली आणि सेंट्रल पार्कमध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवून विचारलं, यातला कोण आवडतो? साळूसारखा काटेरी प्राणी पहिला आला. दुसरा आला मिशीवाला गोल माणूस. तोच पुढे डॉक्टर एगमन झाला. बागेतल्या लोकांनी नायक आणि खलनायक दोन्ही निवडून दिले! निळा रंग सेगाच्या लोगोशी जुळणारा.

म्हणून सेगाच्या जागेवर मला वादच दिसत नाही. आणि तुमच्या कसोटीलाही तो उतरतो. तो थांबला की अस्वस्थ होतो, पाय आपटतो. वेग हाच त्याचा ठोसा.

---

वाळूचा_किल्ला

सेगाच्या जागेवर वाद आहे, आणि तो सेगाने स्वतःच घालून ठेवलाय. १९९६ चा ‘फायटर्स मेगामिक्स’ आठवा. सॅटर्न या कन्सोलवर सेगाने आपल्याच घरातली माणसं एकत्र आणून काढलेला फायटिंग गेम. ‘व्हर्चुआ फायटर’ आणि ‘फायटिंग वायपर्स’ची मंडळी होतीच. त्यात ‘डेटोना यूएसए’मधली हॉर्नेट गाडी होती. खरीखुरी गाडी, मागच्या दोन चाकांवर उभी राहून पुढच्या चाकांनी ठोसे मारणारी. आणि सेगाच्या एएम२ या विभागाचं चिन्ह असलेलं ताडाचं झाडसुद्धा खेळायला मिळायचं. लोगोच आखाड्यात उतरला होता!

आणि सॉनिक? नव्हता. त्याच्या फायटिंग गेममधले बीन आणि बार्क आले, तो आला नाही.

मला वाटतं ज्यांनी तो गेम केला त्यांच्या लेखी सेगा म्हणजे आर्केड, नाणं टाकून खेळायची मशीनं. त्यांनी आर्केडचं घर भरवलं. मी सेगाकडून हॉर्नेट उतरवीन, कारण ती गाडी बघताच नाण्याच्या मशीनची सीट, स्टिअरिंग आणि शेजारच्या सीटवरचा मित्र आठवतो.

---

सरळकोन

धागाकर्त्यांची कसोटी सुंदर आहे, पण मला ती अपुरी वाटते. तुम्ही लोकांना बाजूला काढलंत. मॅस्कॉट कोण हे शेवटी लोक ठरवतात.

निन्टेन्डोने २०१५ साली जगभरातून मतं मागवली होती की ‘स्मॅश’मध्ये कोण हवं. त्या मतदानात पहिला आला ‘किंगडम हार्ट्स’चा सोरा, हे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी २०२१ मध्ये सोराला आणताना स्वतः सांगितलं. मधे सहा वर्षं गेली. सोरा स्क्वेअर एनिक्सचा आणि डिस्नेचाही. कराराच्या दृष्टीने त्याच्याइतकं अवघड पात्र दुसरं नसेल. तरी आणला, कारण लोकांनी मागितला होता आणि ‘स्मॅश’च्या ‘अल्टिमेट’ या भागातली ती शेवटची जागा होती.

आता तुमच्या कसोटीने स्क्वेअर एनिक्सची जागा कोणाला जाते? ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या निळ्या स्लाइमला. थेंबाएवढा हसरा गोळा, सगळ्यात पहिला, सगळ्यात दुबळा शत्रू. जपानमध्ये त्याला लहान मूलसुद्धा ओळखतं. तोच कंपनीचं खरं चिन्ह, मान्य. पण तो लढताना पाहायला लोक सहा वर्षं थांबले असते का?

---

काळातांबडा

@सरळकोन, तुमचा मुद्दा खोडता येणार नाही आणि मला तो खोडायचाही नाही. लोकांची ओढ नसेल तर मॅस्कॉट म्हणजे नुसता शिक्का. पण मतदान आजची ओढ मोजतं. १९९५ ला घेतलं असतं तर वेगळे जिंकले असते, २०३५ ला घेतलं तर आणखी वेगळे. एकच जागा असेल तर ती कंपनीच्या चाळीस वर्षांना पुरली पाहिजे.

आणि स्लाइमला मी आनंदाने उतरवीन. एकटा दुबळा, पण आठ स्लाइम एकावर एक चढून राजा स्लाइम होतात. यातच अख्खी लढत आहे: आधी मार खात जमवाजमव, मग एकदम मुकुट घातलेला डोंगर.

@वाळूचा_किल्ला, हॉर्नेट गाडीसाठी वेगळं सलाम. तरी माझी जागा सॉनिकलाच.

---

टोकनवाला

कॅपकॉमवर बोलतो, कारण कॅपकॉम माझं बालपण आहे.

आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे पार्लर होतं. पत्र्याचं छत, चार मशीन, गल्ल्यावर बसलेल्या काकांकडे टोकन. एका मशीनवर कायम गर्दी, ती ‘मुस्तफा’वर. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे मला कॉलेजात कळलं. आम्ही त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याचं नाव गेमलाच देऊन टाकलं होतं. दुसऱ्या मशीनवर ‘कॅप्टन कमांडो’. त्यात चार जण निवडता यायचे: कॅप्टन, ममी, निन्जा आणि रोबोवर बसलेलं तान्हं बाळ. बाळासाठी भांडणं व्हायची.

आता मजेची गोष्ट. त्या कॅप्टनचं नाव नीट वाचा. कॅप्टनमधला ‘कॅप’, कमांडोमधला ‘कॉम’. कॅपकॉम! ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कंपनीच्या गेमच्या खोक्यांवर आणि माहितीपत्रकांत तो कंपनीचा प्रतिनिधी म्हणून यायचा. स्वतःचा गेम त्याला नंतर, १९९१ साली मिळाला. म्हणजे कंपनीचं तोंड व्हायलाच जन्माला आलेला माणूस. आणि तो क्रॉसओव्हरमध्ये उतरूनही आलाय: १९९८ च्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’मध्ये आणि २००० च्या दुसऱ्या भागात. दुसऱ्या भागात तर मुरलेले खेळाडू त्याला मदतनीस म्हणून टीममध्ये घ्यायचे. हाक मारली की येऊन जमिनीवर मूठ आपटायची आणि विजेचा खांब उभा करून निघून जायचं. हवेतून येणारा कोणीही असो, त्या खांबात अडकणार.

ऱ्यू मोठा, मेगामॅन मोठा, कबूल. पण नावच कंपनीचं असलेला माणूस तुम्ही बाहेर बसवणार?

---

धूळपाटी

टोकनवाला, काय आठवण काढलीत! आमच्याकडेही ‘मुस्तफा’च म्हणायचे. कोल्हापूरला म्हणायचे तसं नागपूरलाही म्हणायचे, हे मी लग्नानंतर नवऱ्याकडून ऐकलं.

माझं मत मात्र मेगामॅनला, आणि त्यामागे राग आहे. या पात्रावर त्याच्या स्वतःच्या घरात अन्याय झाला. २०११ च्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’मध्ये तो नाही. त्याच वर्षी त्याचा ‘लेजंड्स ३’ बनता बनता रद्द केला. आणि २०१२ च्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’मध्ये घेतला तो कसा? पोट सुटलेला, निळ्यापिवळ्या कपड्यातला मध्यमवयीन माणूस, हातात पिस्तूल. पहिल्या गेमच्या अमेरिकन खोक्यावर जे बिघडलेलं चित्र छापलं होतं, ते उचलून तोच म्हणे मेगामॅन. त्यांना गंमत वाटली असेल. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं.

आणि मग दुसऱ्याच्या घरी, ‘स्मॅश’मध्ये, त्याला काय मान मिळाला ते बघा. तो चालता चालता गोळ्या झाडतो, कारण मूळ गेममध्ये तसंच होतं. बाकी बहुतेक सगळे वार हरवलेल्या रोबोंकडून मिळालेली शस्त्रं: मेटल ब्लेड, क्रॅश बॉम्बर, लीफ शील्ड. वर जायला त्याचा रोबो कुत्रा रश. आणि बाद झाला की तोच जुना गोल ठिपक्यांचा स्फोट. ज्याला हरवलं त्याची विद्या घ्यायची, हा मेगामॅनचा खेळ. क्रॉसओव्हरला याहून शोभणारा गुण कोणता?

---

उत्तरायण

वाचतोय. मेगामॅनला +१. त्या पोटवाल्या अवताराबद्दल तर +१००.

---

पेठेतली

मी स्पर्धांमध्ये खेळते, त्यामुळे माझी बाजू ऱ्यूची. धागाकर्त्यांच्याच कसोटीवर घासून बघू.

तुम्ही म्हणता, मॅस्कॉटच्या हातापायांत कंपनीचा खेळ हवा. कॅपकॉमने जगाला काय दिलं? १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर २’. आपण ज्या काल्पनिक गेममध्ये ही माणसं उतरवतोय, तो गेम ज्या जातीचा आहे ती जातच त्या मशीनने घडवली. कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेले वार, तर त्यात ठरवून घातलेलाही नव्हता. एका ठोशाच्या हालचालीतून दुसऱ्या मूव्हमध्ये घुसता येतं हे बनवताना लक्षात आलं, आणि कोणाला जमणार नाही म्हणून तसंच राहू दिलं. आज कॉम्बोशिवाय फायटिंग गेमची कल्पना करता येत नाही.

आता ‘स्मॅश’मध्ये २०१५ ला ऱ्यू आला तेव्हाचं बघा. तिथे सगळे एक दिशा आणि एक बटण दाबून खेळतात. ऱ्यूसुद्धा तसा खेळता येतो. पण तुम्ही खाली, खाली-पुढे, पुढे आणि मग बटण, असं जुन्या पद्धतीने केलंत तर त्याचा हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) जास्त जोरकस निघतो. बटण हलकं दाबलं की हलका ठोसा, धरून ठेवलं की जड. पुढे ‘अल्टिमेट’मध्ये तर समोर एकच प्रतिस्पर्धी असला की त्याचं तोंड आपोआप त्याच्याकडे वळतं, स्ट्रीट फायटरसारखं. पाहुण्यासाठी घरमालकाने घराचे नियम बदलले!

आमच्या क्लबात एक मुलगा आहे, आठवीतला. त्याने ‘स्ट्रीट फायटर’ कधीच खेळला नव्हता. ‘स्मॅश’मधल्या ऱ्यूवर त्याचा अंगठा ती पाव वर्तुळाची हालचाल शिकला, आणि महिन्याभराने ‘स्ट्रीट फायटर’वर बसवला तर पहिल्याच दिवशी हादोकेन. अंगठ्यातून अंगठ्यात जाणारं हे ज्ञान तुम्हाला मेगामॅन देणार नाही, कॅप्टन कमांडोही नाही. आपण ज्या खेळात सगळ्यांना पाहुणे म्हणून बोलावतोय, तिथे ऱ्यू यजमान आहे.

---

काळातांबडा

@पेठेतली, मी मेगामॅन ठरवून धागा काढला होता. दोनदा वाचलं तुमचं. माझ्याच कसोटीवर तुम्ही मला हरवलंत. कॅपकॉमची जागा ऱ्यूला. टोकनवाला, धूळपाटी, रागावू नका.

---

टोकनवाला

रागावलो नाही. पण कॅप्टनला मदतनीस म्हणून तरी ठेवा. विजेचा खांब टाकून जाईल.

---

वाळूचा_किल्ला

या विषयावर नामकोच्या ‘सोलकॅलिबर २’चं नाव निघालं नाही म्हणून लिहितो. २००३ साली तो तीन कन्सोलवर आला आणि प्रत्येकावर एक वेगळा पाहुणा. निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर ‘झेल्डा’चा लिंक, एक्सबॉक्सवर कॉमिक्समधला स्पॉन, प्लेस्टेशन २ वर ‘टेकन’चा हेहाची.

तीन खोकी शेजारी ठेवून बघा. निन्टेन्डोने आपल्या घरातला दिला. तलवारीच्या खेळात तलवारवाला, बूमरँग, बॉम्ब, धनुष्य सगळं घेऊन आला. मायक्रोसॉफ्टच्या यंत्राला बाहेरून कॉमिक्सचा माणूस आणावा लागला. आणि सोनीच्या यंत्रावर जो आला तो नामकोचाच म्हातारा. तेव्हा सोनी सगळ्यात पुढे होती, आणि तरी तिच्याकडे पाठवायला स्वतःचा असा माणूस दिसला नाही.

---

निळीशाई

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. सोनीवर मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचंच होतं.

१९९६ मध्ये सोनीकडे क्रॅश बँडिकूट होता. अमेरिकेतल्या जाहिरातीत क्रॅशचा पोशाख घातलेला माणूस निन्टेन्डोच्या कचेरीबाहेर भोंगा घेऊन उभा राहतो आणि मारिओला आव्हान देतो. ती जाहिरात बघून कोणीही म्हणेल, हा प्लेस्टेशनचा मॅस्कॉट. पण क्रॅशची मालकी सोनीची कधीच नव्हती. ती युनिव्हर्सलकडे होती, पुढे अ‍ॅक्टिव्हिजनकडे गेली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेतली तेव्हा क्रॅशही तिकडे गेला. ज्याने प्लेस्टेशनचा झेंडा धरला, तो आज एक्सबॉक्सच्या मालकाच्या घरात आहे.

त्यामुळे २०१२ ला सोनीने स्वतःचा ‘प्लेस्टेशन ऑल-स्टार्स बॅटल रॉयल’ काढला तेव्हा वीस जणांत क्रॅश नव्हता. ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रॅटोस होता, नेथन ड्रेक होता, पॅरापा होता, सॅकबॉय होता. गेम वाईट नव्हता, मी पुष्कळ खेळले. पण ‘स्मॅश’मध्ये मारिओ जसा मधोमध उभा असतो तसा त्यात मधोमध कोणी नव्हता. गंभीर चेहऱ्याची माणसं आणि कापडी बाहुल्या एकाच फोटोत उभ्या केल्यासारखं वाटायचं. त्यातला एक मात्र खरा मॅस्कॉट होता, टोरो नावाचं पांढरं मांजर. जपानमध्ये १९९९ पासून सोनीचं लाडकं. आपल्याकडे त्याला कोणी ओळखत नव्हतं.

आज उत्तर आहे, अ‍ॅस्ट्रो. २०१३ ला प्लेस्टेशन ४ सोबतच्या ‘प्लेरूम’मध्ये छोटे रोबो म्हणून आला, २०२० ला प्रत्येक प्लेस्टेशन ५ मध्ये आधीपासून बसलेला ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ मिळाला, आणि २०२४ चा ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ठरला. त्या गेममध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ची एक लेव्हल आहे. अ‍ॅस्ट्रोला क्रॅटोसची कुऱ्हाड मिळते. फेकायची, बोलवायची, ती फिरून हातात येते. म्हणजे सोनीचं घर पाठीवर घेणारा गडी तीस वर्षांनी सापडला. पॅकमॅनचं जे काळातांबडा यांनी सांगितलं, तेच इथे.

---

सरळकोन

अ‍ॅस्ट्रोला माझी संमती. मग मायक्रोसॉफ्टचं काय? ‘हेलो’चा मास्टर चीफ की ‘माइनक्राफ्ट’चा स्टीव्ह? बँजो म्हणू नका, तो मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये रेअर या कंपनीसकट विकत घेतला.

---

उत्तरायण

विकत घेतलेला चालणार नसेल तर स्टीव्हही बाद. त्याला बनवणारी मोजांग २०१४ ला अडीच अब्ज डॉलर देऊन घेतली होती. मग उरतो चीफ, पण ‘हेलो’ बनवणारी बंजीसुद्धा २००० साली विकतच घेतली होती.

माझं मत स्टीव्हला. ‘स्मॅश’मध्ये तो येणार ठरल्यावर साकुराईंच्या चमूला जुनी सगळी स्टेजेस पुन्हा हातात घ्यावी लागली, कारण स्टीव्ह कुठेही ठोकळे रचतो. तो जमीन खणतो आणि कुठल्या जमिनीवर उभा आहे त्यावर त्याला लाकूड मिळेल की दगड, लोखंड हे ठरतं. कुदळ वापरून झिजली की तुटते. परत टेबलाशी जाऊन बनवायची. समोरचा मारायला धावतोय आणि हा शांतपणे खणतोय, हे दृश्य बघितलं की माझा भाचा टाळ्या वाजवतो, कारण घरी तो स्वतः तेच करतो. ‘माइनक्राफ्ट’च्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. इथे लोकांची ओढ आणि हातापायातला खेळ, दोन्ही कसोट्या एकाच ठिकाणी मिळतात.

---

पेठेतली

एसएनके ही फायटिंग गेमवाली कंपनी कोणी घेतलीच नाही! टेरी बोगार्ड, १९९१ चा ‘फेटल फ्युरी’, लाल टोपी. अथेना १९८६ पासून आहे, वयाने मोठी आहे, पण ‘किंग ऑफ फायटर्स’च्या कुठल्याही मशीनसमोर उभं राहून विचारा, लोक टेरीचं नाव घेतील. आपल्या पार्लरमध्ये त्याचा ’९७चा भाग किती चालायचा ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. एसएनकेला क्रॉसओव्हर शिकवायची गरज नाही. ’९४ मध्ये त्यांनी आपल्याच वेगवेगळ्या गेमची माणसं तीन-तीनच्या टीममध्ये घालून हेच केलं होतं.

आणि अ‍ॅटलसची वेगळी जागा असेल तर जॅक फ्रॉस्ट. ‘पर्सोना ५’चा जोकर देखणा आहे, पण तो एका गेमचा. बर्फाचं ते निळी टोपी घातलेलं भूत वर्षानुवर्षं कंपनीचं चिन्ह आहे.

---

काळातांबडा

टेरी आणि जॅक फ्रॉस्ट, दोन्ही मान्य. आता राहिली कोनामी. मला इथे खरंच अडकायला झालंय. ‘मेटल गिअर’चा स्नेक? २००८ ला ‘स्मॅश’मध्ये आला तेव्हा त्याला बंदूक न देता ग्रेनेड, सी-फोर स्फोटकं आणि पुठ्ठ्याचं खोकं दिलं. लपणाऱ्या माणसाला उघड्या आखाड्यात लपायला जागा दिली. ‘कॅसलव्हेनिया’चा सायमन बेलमाँट, चाबूकवाला, तोही शोभतो. पण आपल्या पिढीच्या भारतीय पोरांना विचाराल तर कोनामी म्हणजे ‘कॉन्ट्रा’.

---

धूळपाटी

मी बाँबरमॅन म्हणणार होते, पण थांबले. बाँबरमॅन कोनामीचा नाही. तो हडसनचा, १९८३ पासून. हडसन सॅप्पोरोची कंपनी, लोगोत मधमाशी. २०१२ ला कोनामीने ती स्वतःत विलीन करून घेतली, तेव्हापासून हक्क कोनामीचे.

२००३ मध्ये जपानात ‘ड्रीममिक्स टीव्ही वर्ल्ड फायटर्स’ नावाचा गेम निघाला होता. तीन कंपन्या: हडसन, कोनामी आणि खेळणी बनवणारी टाकारा. त्यात बाँबरमॅन हडसनकडून उभा, स्नेक आणि सायमन कोनामीकडून, ऑप्टिमस प्राइम आणि लिक्का बाहुली टाकाराकडून. आज बाँबरमॅनला त्याच स्नेकच्या रांगेत उभं करून कोनामीचा म्हणायचं? माझ्याने होणार नाही.

मला वाटतं या गेममध्ये एक जागा बंद पडलेल्या कंपन्यांना ठेवा. तिथे बाँबरमॅन लढेल. त्याची लढत मला डोळ्यांसमोर दिसते: बॉम्ब ठेवला की तो अधिकच्या आकारात फुटणार, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. शत्रूला मारणार आणि कोपऱ्यात सापडलास तर तुलाही.

---

काळातांबडा

ही जागा मी लगेच वाढवतो. कोनामीला स्नेक, आणि बंद कंपन्यांसाठी एक वेगळी खुर्ची. पण त्या खुर्चीवर एकच जण बसेल, नियम तोच. बाँबरमॅनला कोणी आव्हान देणार?

---

टोकनवाला

मी देतो. टेक्नोस. नव्वदीच्या दशकातच बंद पडली. २०१५ पासून तिचे हक्क आर्क सिस्टिम वर्क्सकडे आहेत. त्यांचा ‘डबल ड्रॅगन’, १९८७.

आमच्या पार्लरमधलं तिसरं मशीन तेच होतं. मी आणि माझा मामेभाऊ दोन टोकनं घालून खेळायचो. तो निळा बिली, मी लाल जिमी. कोपरानं मारायची मूव्ह शिकलो की पुढचं सगळं सोपं जायचं. सगळे गुंड संपवून शेवटपर्यंत फक्त एकदा पोचलो, दिवाळीच्या सुटीत. मशीनगनवाला बॉस पडला, आम्ही ओरडलो, गल्ल्यावरचे काका उठून आले. आणि मग काही संपलंच नाही. स्क्रीनवर आम्ही दोघंच, एकमेकांसमोर. दोन्ही खेळाडू जिवंत राहिले तर मुलीसाठी भाऊ भावाशी लढतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मामेभाऊ माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दहा-बारा सेकंद कोणीच बटण दाबलं नाही. मागून पोरं ओरडायला लागली, “मार, मार!”

एकच जागा असेल तर दोघांतल्या एकालाच घ्यावं लागेल. मी तेव्हा लाल होतो. माझं मत बिलीला.